ऐनवेळचे विषय

विद्यापीठाच्या सभेची कार्यक्रमपत्रिका हातात आली की ती शेवटाकडून वाचावी. पहिला विषय ठरलेला: मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. दुसराही ठरलेला: त्या इतिवृत्तावरील कार्यवाहीचा अहवाल. मग मधले बारा-पंधरा विषय येतात. कुठल्या तरी महाविद्यालयाची संलग्नता, एखाद्या समितीवर दोन नावांची शिफारस, कै. अमुक यांच्या स्मरणार्थ ठेवायचं सुवर्णपदक. आणि अगदी तळाशी, कसलाही तपशील न देता एकच ओळ: 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय.' विद्यापीठात खरोखर काय शिजतंय ते या ओळीत असतं. शुल्क वाढवायचं असो, शैक्षणिक वर्ष महिनाभर पुढं ढकलायचं असो की परीक्षेची अख्खी पद्धत बदलायची असो, तो विषय दुपारी चारनंतर अवतरतो. निम्मे सदस्य तोपर्यंत परतीच्या एसटीची वेळ बघत असतात. टिपणाच्या झेरॉक्स प्रती हाताला गरम लागतात. कुणी म्हणालंच, की हे वाचायला थोडा वेळ हवा होता, तर उत्तर तयार असतं, "सर, तातडीचं आहे. कुलगुरूंनी तत्त्वतः मान्यता दिलेलीच आहे." आता ज्याला तत्त्वतः मान्यता मिळाली त्याला तपशिलात कोण अडवणार?

मी नोकरीभर मराठी शिकवलं आणि शिकवण्यातून उरलेला वेळ अशा सभांमध्ये घालवला. अभ्यास मंडळ झालं, विद्या परिषद झाली, मध्येच काही वर्षं प्राध्यापक संघटनेची जिल्हा कार्यकारिणी झाली. टेबलाच्या अलीकडं आणि पलीकडं, दोन्हीकडं बसलो. चहा दोन्हीकडं सारखाच गोडमिट्ट असतो. बिस्किटं मात्र प्रशासनाच्या बाजूला बरी मिळतात, असं माझं निरीक्षण आहे.

कर्मचाऱ्यांना विचारलं पाहिजे, विद्यार्थ्यांना विचारलं पाहिजे, यावर आपल्याकडं कुणाचंच दुमत नाही. 'मी कुणाला विचारणार नाही' असं म्हणणारा कुलगुरू मला भेटलेला नाही. सगळे विचारतात. प्रश्न आहे तो केव्हा विचारतात याचा. घरात लग्न ठरतं, बोलणी होतात, कार्यालयाचा विसार दिला जातो, पत्रिकेचा मजकूर छापखान्यात जातो, आणि मग कुणाला तरी आठवतं, अरे, मामांना विचारायचं राहिलंच. लगेच दोघं जण पेढ्यांचा पुडा घेऊन मामांच्या दारात. "मामा, तुमच्या शब्दाशिवाय पुढं जायचं नाही असं ठरवलंय." मामा काही खुळे नसतात. त्यांना कार्यालयाच्या मालकाकडूनच आधी सगळं कळलेलं असतं. तरी ते मुलाच्या नोकरीबद्दल एक शंका काढतात, मुहूर्ताबद्दल दुसरी काढतात, दोन्ही शंका गंभीर चेहऱ्यानं ऐकून घेतल्या जातात आणि लग्न ठरल्या दिवशी लागतं. प्राध्यापकांची संघटना म्हणजे हा मामा. स्थळ वाईट आहे म्हणून तो रुसत नाही. पुष्कळदा स्थळ त्यालाही पसंत असतं. पण पेढे आधी आणि विचारणं नंतर हा क्रम त्याला झोंबतो, आणि मग मांडवात तो अशा ठिकाणी खुर्ची टाकून बसतो की येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तो रुसलेला दिसावा.

ही रीत आपण शोधून काढली असं मात्र नाही. विद्यापीठांच्या मनोऱ्यांबरोबर आणि घड्याळांबरोबर तीही वारशानं आली. १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही तीन विद्यापीठं निघाली, तेव्हा सिनेट होतं, पण त्यात निवडून कुणी यायचं नव्हतं. मुंबईच्या पहिल्या फेलोंमध्ये जगन्नाथ शंकरशेट होते, डॉ. भाऊ दाजी होते, पण भरणा साहेबलोकांचा. विद्यार्थ्यांना विचारायचा प्रश्नच नव्हता, कारण विद्यार्थी अजून यायचे होते. मुंबईची पहिली मॅट्रिक १८५९ मध्ये झाली आणि पदवीधरांची पहिली तुकडी १८६२ मध्ये बाहेर पडली. रानडे आणि भांडारकर त्याच तुकडीतले. म्हणजे सुरुवातीची पाच वर्षं विद्यापीठ होतं आणि त्याचा पदवीधर एकही नव्हता. प्रशासनाच्या दृष्टीनं पाहिलं तर तेवढा निवांत काळ पुन्हा आला नाही.

पुढं पदवीधर झाले, वकील झाले, वर्तमानपत्रं काढू लागले, सिनेटमध्ये बोलू लागले, आणि लॉर्ड कर्झनला विद्यापीठं सुधारण्याची गरज भासली. १९०१ च्या सप्टेंबरात त्यानं सिमल्याला शिक्षण परिषद भरवली. हिंदुस्थानातल्या शिक्षणाचं काय करायचं हे ठरवायला जमलेल्या त्या मंडळींत हिंदी माणूस एकही नव्हता. सिमल्याची हवा सप्टेंबरात फार छान असते म्हणतात, चर्चाही छान झाली असणार. पुढच्या वर्षी विद्यापीठ आयोग नेमला. त्यावर हिंदू सदस्य नाही अशी ओरड झाली, तेव्हा गुरुदास बॅनर्जी यांना मागाहून घेतलं. गुरुदासबाबू कलकत्ता विद्यापीठाचे पहिले हिंदी कुलगुरू. सभा कशी चालते आणि कशी चालवली जाते हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी अहवालाला आपली भिन्नमतपत्रिका जोडली. कायद्याच्या मसुद्याविरुद्ध कौन्सिलात गोखले बोलले. ते फर्ग्युसनमध्ये वर्षानुवर्षं शिकवून आलेले, त्यामुळे मुद्द्याला मुद्दा लावून बोलले. सरकारनं शांतपणे ऐकून घेतलं. बहुमत पाठीशी असलं की ऐकून घेणं परवडतं. १९०४ चा कायदा झाला, सिनेट आटोपशीर झालं आणि त्यात सरकारनियुक्त मंडळींचं वजन पक्कं झालं. गुरुदासबाबूंची ती भिन्नमतपत्रिका अहवालाच्या शेवटी आजही सुखरूप आहे.

याच्या अगदी उलटं टोक बघायचं तर इटलीतल्या बोलोन्याला जावं लागेल. मध्ययुगात तिथं विद्यार्थ्यांची संघटना म्हणजेच विद्यापीठ होतं. रेक्टर विद्यार्थ्यांमधून निवडला जायचा आणि प्राध्यापकांनी त्याच्या आज्ञेत राहण्याची शपथ घ्यायची. १३१७ सालचे त्यांचे नियम उपलब्ध आहेत. परवानगीशिवाय प्राध्यापकानं एक दिवसही गैरहजर राहायचं नाही. गाव सोडून जायचं असेल तर परत येण्याची हमी म्हणून अनामत रक्कम ठेवायची. घंटा झाली की शिकवायला सुरुवात आणि पुढची घंटा झाली की मिनिटाभरात बंद. नेहमीच्या व्याख्यानाला निदान पाच श्रोते जमवता आले नाहीत तर प्राध्यापक गैरहजर धरून त्याला दंड. हे मी एकदा आमच्या स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचून दाखवलं. पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला. आमच्यातले एक ज्येष्ठ सहकारी होते, त्यांच्या सकाळच्या तासाला पावसाळ्यात पाच मुलं म्हणजे यात्रा भरल्यागत वाटायचं. ते हळूच म्हणाले, "हे कुठं छापू नका हं. बायोमेट्रिकवाल्यांच्या हाती लागेल."

दोन्ही टोकांच्या मध्ये जे विद्यापीठ उरतं ते समित्यांचं. त्याचं शास्त्र केंब्रिजच्या एका ग्रीक तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकानं, एफ. एम. कॉर्नफर्डनं, १९०८ साली लिहून ठेवलं. पुस्तिकेचं नाव 'मायक्रोकॉस्मोग्राफिया अकॅडेमिका'. नाव उच्चारायला जेवढा वेळ लागतो त्याहून फार वेळ ती वाचायला लागत नाही. विद्यापीठात एखादी योग्य गोष्ट का करायची नाही याची कारणं त्यात सोदाहरण दिली आहेत. आज न्यायानं वागलो तर उद्या लोक आणखी न्याय मागतील, हे एक. असं केलं तर पायंडा पडेल, हे दुसरं. आणि गोष्ट बरोबर आहे, पण तिची वेळ अजून पिकलेली नाही, हे तिसरं. मी ज्या ज्या कुलसचिवांच्या हाताखालून गेलो त्यांतल्या कुणी हे पुस्तक वाचलं असेल असं वाटत नाही, पण तिन्ही कारणं त्यांना शुद्ध मराठीत येत होती. 'चुकीचा पायंडा पडेल' हे तर इतक्या वेळा ऐकलं, की बरोबर पायंडा नावाची काही चीज असते का अशी शंका येऊ लागली.

संघटनेची भाषाही कमी बांधीव नव्हती. निवेदनाची सुरुवात 'उपरोक्त विषयास अनुसरून' आणि शेवट 'अन्यथा होणाऱ्या परिणामांस सर्वस्वी प्रशासन जबाबदार राहील'. मधला मजकूर दर वर्षी तोच, फक्त वेतन आयोगाचा क्रमांक बदलायचा. त्यावर प्रशासनाकडून 'सहानुभूतीपूर्वक विचार करण्यात येत आहे' असं उत्तर यायचं. मग काळ्या फिती, मग घंटानाद, मग द्वारसभा. द्वारसभेत आमचे सरचिटणीस प्रशासनाचं नाव घेऊन असे काही कडाडायचे, की प्रवेशद्वारावरच्या कुत्र्यांनीही जागा बदलावी. सभा संपली की तेच सरचिटणीस आणि तेच कुलसचिव मागच्या बाजूच्या टपरीवर एकाच बाकड्यावर बसून चहा घेत. नवख्या प्राध्यापकांना हे दुटप्पीपणाचं वाटायचं. मला विचाराल तर विद्यापीठातली खरी सल्लामसलत त्या बाकड्यावरच व्हायची. "अहो, तो परिपत्रकातला तिसरा मुद्दा काढा, बाकीचं आम्ही सांभाळतो." "काढतो, पण आठवडा द्या." एवढ्या दोन वाक्यांत जे मिटायचं ते सभागृहात मिटवायला तीन बैठका लागल्या असत्या.

सगळंच बाकड्यावर मिटत नाही, हेही खरं. २०१३ साली एमफुक्टोनं, म्हणजे प्राध्यापक संघटनांच्या राज्य महासंघानं, परीक्षेच्या कामावर जो बहिष्कार टाकला तो फेब्रुवारीपासून थेट मेपर्यंत चालला. त्यातला ७१ दिवसांचा पगार अडला. ज्ञानेश्वरीच्या ओव्यांची संख्या विचारली तर अडखळणारे आमच्यातले काही जण त्यानंतर कित्येक वर्षं ७१ हा आकडा झोपेतही सांगायचे. विद्यार्थ्यांना मात्र यातलं कुणीच काही विचारलं नव्हतं. सरकारनं विचारलं नाही आणि आम्हीही नाही. त्यांच्या परीक्षा हे आमच्या हातातलं एकमेव हत्यार होतं, आणि हत्याराला कुणी मत विचारत नाही.

शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचं आणखी वेगळं. त्यांच्यावाचून विद्यापीठ चालत नाही हे सगळ्यांना ते संपावर गेल्यावरच कळतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांनी परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला तेव्हा राज्यभर परीक्षा पुढं ढकलाव्या लागल्या. मागण्या जुन्याच होत्या, आश्वासित प्रगती योजना, सातव्या वेतन आयोगाची थकबाकी. प्रश्नपत्रिका तयार, विद्यार्थी तयार, पर्यवेक्षक तयार, आणि कपाटाची किल्ली ज्याच्याकडं तो माणूस गेटबाहेर सतरंजीवर.

या मंडळींना आपण आधी विचारत नाही आणि नंतरही विचारत नाही. एका गुणपत्रिकेची गोष्ट सांगतो. एका विद्यापीठानं, नाव जाऊ द्या, गुणपत्रिकेचा नवा नमुना करायचं ठरवलं. रंग कोणता, बोधचिन्ह मध्यभागी की डावीकडं, विद्यापीठाचं नाव आधी मराठीत की आधी इंग्रजीत, यावर सभागृहात दीड-दोन तास खल झाला. मी स्वतः मराठीच्या बाजूनं बोललो आणि टाळ्या घेतल्या. नमुना मंजूर झाला, छापून आला, देखणा होता. परीक्षा विभागात एक भाऊसाहेब होते. पंचवीस-तीस वर्षं त्याच टेबलावर बसलेले, टेबलाच्या काचेखाली पांडुरंगाचा फोटो आणि जुन्या लोकलच्या वेळापत्रकाचं कात्रण. नमुन्याचा कच्चा कागद त्यांच्या टेबलावरून गेला तेव्हाच त्यांनी पट्टी लावून पाहिलं होतं. विषयाचे गुण छापायच्या रकान्यात दोनच आकडे मावत होते. आधी एक पेपर ऐंशी गुणांचा असायचा, तेव्हा दोन आकडे पुरेसे. नव्या पद्धतीत अंतर्गत आणि लेखी मिळून विषय शंभराचा झाला होता.

आम्हा भाषावाल्यांना हे कळण्याची सोय नव्हती. मराठीत शंभर गुण पडायला कुसुमाग्रज यावे लागतील, आणि त्यांनाही आमच्यातल्या काहींनी शुद्धलेखनाचे दोन कापले असते. गणितवाल्यांना कळलं. पहिल्याच निकालात एका पोरीच्या गुणपत्रिकेत गणितापुढं '००' असं छापून आलं. पुढचा एक रकान्याच्या बाहेर राहिला होता. बेरीज बरोबर, श्रेणी बरोबर, आणि पैकीच्या पैकी मिळवलेल्या विषयात दोन भोपळे. बाप शेतकरी, गुणपत्रिका घेऊन दोनदा विद्यापीठात आला. दुसऱ्या खेपेस मी तिथं होतो. भाऊसाहेबांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, नव्या गुणपत्रिकेची सोय होईपर्यंत हातानं लिहिलेला दाखला त्याच दिवशी सहीशिक्क्यासह मिळवून दिला. तो गेल्यावर मी त्यांना विचारलं, "भाऊसाहेब, तुम्हाला माहीत होतं, तर आधी बोलला का नाहीत?"

"बोललो होतो की, सर."

"कुणाला?"

"मामांना." मामा म्हणजे विभागातले शिपाई. "दुसरं कुणी विचारायलाच आलं नाही. आणि टिपण वर पाठवायचं तर त्यावर आधी विभागप्रमुखांची सही लागते, ते त्या वेळी त्या बोधचिन्हाच्या मीटिंगमध्ये होते."

त्या मीटिंगमध्ये चहाचे ट्रे घेऊन मामाही आत येऊन गेले होते. म्हणजे जी गोष्ट सभागृहाला ठाऊक असायला हवी होती ती गोष्ट सभागृहात दोनदा फिरून गेली, फक्त तिला बोलायची परवानगी नव्हती.

दोन आकड्यांच्या रकान्याचं निस्तरता आलं. २०१७ साली मुंबई विद्यापीठानं उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या तेव्हाचं प्रकरण एवढ्यावर भागलं नाही. कल्पना वाईट होती असं मी म्हणणार नाही. गठ्ठ्यांची ने-आण वाचते, बेरजेच्या चुका टळतात. पण ती आली ऐन परीक्षेच्या हंगामात, आणि एका फटक्यात सगळ्या विद्याशाखांना. सतरा लाखांवर उत्तरपत्रिका स्कॅन व्हायच्या, अपलोड व्हायच्या, प्राध्यापकांनी पासवर्ड टाकून उघडायच्या. घाई होतेय, तयारी नाही, असं प्राध्यापक सांगत होते. कुलपतींनी ३१ जुलैची मुदत घालून दिली, ती टळली. पुढच्या प्रवेशांसाठी मुलं निकालाची वाट बघत राहिली. ऑक्टोबरात कुलगुरूंनाच पदावरून दूर व्हावं लागलं.

आता इथं आमच्या बाजूचीही थोडी खरडपट्टी काढायला हवी. प्राध्यापकांचं ऐकलं गेलं नाही याला एक कारण असंही असतं, की प्राध्यापक नेहमीच नाही म्हणतात. सत्र पद्धत आली, आम्ही नाही म्हणालो. श्रेयांक पद्धत आली, नाही म्हणालो. संगणकाची पहिली खोकी महाविद्यालयात आली तेव्हा त्यांना कोणता प्लग लागतो हे कळायच्या आधी आम्ही विरोधाचा ठराव केला होता. सभेत कुठल्याही बदलाचा विषय निघाला की मागच्या रांगेतून एक आवाज यायचाच, "याला आमचा तत्त्वतः विरोध आहे." असा विरोध वर्षानुवर्षं ऐकून प्रशासनाच्या कानाला सवय होते, आणि एखाद्या वर्षी तो खरा आणि कामाचा असला तरी पंख्याच्या आवाजात मिसळून जातो. हे मी संघटनेच्या बैठकीत एकदा बोललो. माझं म्हणणं इतिवृत्तात आलं नाही.

आता सल्लामसलत ऑनलाइन झाली आहे. मसुदा संकेतस्थळावर टाकायचा, ईमेल द्यायचा आणि म्हणायचं, अमुक दिवसांत सूचना पाठवा. नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० साली आलं तेव्हा सरकारनं अभिमानानं सांगितलं, की अडीच लाख ग्रामपंचायती, ६,६०० तालुके, ६,००० नागरी स्थानिक स्वराज्य संस्था आणि ६७६ जिल्ह्यांमधून दोन लाखांवर सूचना आल्या. मी गणितात कच्चा, तरी भागाकार करून पाहिला. दर ग्रामपंचायतीला एक पूर्ण सूचनासुद्धा येत नाही. आमच्या गावच्या पंचायतीत गटाराच्या एका विषयावर यापेक्षा जास्त सूचना येतात. तशा त्या आल्या असत्या आणि कुणी सगळ्या वाचल्या असत्या तर धोरण यायला अजून दहा वर्षं लागली असती, हेही आहेच.

विद्यार्थ्यांचं काय, असं वाचक विचारेल. विद्यार्थ्यांबद्दल सगळे बोलतात, कारण ते बहुधा खोलीत नसतात. महाराष्ट्रात महाविद्यालयांतल्या खुल्या निवडणुका नव्वदीच्या दशकात बंद झाल्या. त्यामागं हाणामारीचा आणि एका विद्यार्थ्याच्या खुनाचा इतिहास होता, त्यामुळे बंदीला अगदीच कारण नव्हतं असं नाही. त्यानंतर गुणवत्तेवर प्रतिनिधी ठरू लागले. वर्गात पहिली आलेली मुलगी प्रतिनिधी म्हणून बैठकीला यायची, वही काढायची आणि कुलगुरू जे बोलतील ते सुवाच्य अक्षरात उतरवून घ्यायची. तिला परीक्षेत याचंच बक्षीस मिळालेलं होतं. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानं निवडणुकांचं दार पुन्हा उघडलं. नियम झाले, तारखांची भाषा झाली, आणि मग कधी हे, कधी ते. मुहूर्त पुढंच जात राहिला. अधिसभेच्या, म्हणजे सिनेटच्या, नमुन्यात विद्यार्थ्यांची जागा आहे, माणूस नाही. कॉर्नफर्ड असता तर म्हणाला असता, वेळ पिकलेली नाही.

मोठ्या झालेल्या विद्यार्थ्यांची, म्हणजे नोंदणीकृत पदवीधरांची, निवडणूक तरी सुखासुखी व्हावी? अधिसभेत त्यांच्या दहा जागा असतात. अर्ज भरा, पदवीची प्रत जोडा, पत्त्याचा पुरावा जोडा, आणि मतदानाला गेल्यावर पसंतीचे आकडे टाका. सवयीनं बरोबरची खूण केली की मत बाद, आणि अशी मतं बाद करून घेणाऱ्यांत पीएचडी झालेले पुष्कळ असतात. मुंबई विद्यापीठात लाखो पदवीधर, पण २०२४ च्या यादीत मतदार तेरा हजारांवर. त्या आधीच्या वर्षी ऑगस्टमध्ये जाहीर झालेला कार्यक्रम रातोरात स्थगित झालेला. मग २२ सप्टेंबर २०२४ ही तारीख ठरली. मतदानाला दोन दिवस उरलेले असताना पुन्हा स्थगिती आली. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, न्यायालयानं शनिवारी बसून स्थगिती बाजूला सारली आणि २४ तारखेला मतदान झालं. दहाच्या दहा जागा एकाच गटाला गेल्या. कोण जिंकलं हे मला महत्त्वाचं वाटत नाही. अर्थसंकल्पावर वर्षातून एकदा प्रश्न विचारू शकणारी दहा माणसं येऊ नयेत म्हणून एवढी धावपळ होते, त्या अर्थी त्या प्रश्नांत काहीतरी दम असणार, एवढंच मी त्यातून घेतलं.

विचारणं खरोखर झालेलं मी पाहिलं ते वसतिगृहाच्या मेसमध्ये. आमचे रसायनशास्त्राचे एक सहकारी तेव्हा वसतिगृहप्रमुख होते. गॅस महागला, तूरडाळ महागली, बिल वाढवायची वेळ आली. रीतीप्रमाणं नोटीस लावायची, मुलांनी घोषणा द्यायच्या, दोन दिवस ताटं वाजवायची आणि मग वाढीव बिल भरायचं. या गृहस्थांनी नोटीस लावली नाही. रात्रीच्या जेवणानंतर त्यांनी महिन्याभराच्या पावत्यांची पिशवी टेबलावर उपडी केली आणि म्हणाले, "घ्या, तुम्हीच बसवा." मेसच्या मावशींनाही त्यांनी खुर्ची दिली. मावशी खुर्चीच्या कडेवर बसल्या, पदरानं तोंड पुसत.

अकरा वाजेपर्यंत भांडणं झाली. वाणिज्यच्या मुलांनी तेलाच्या डब्यांचा हिशेब मांडला. विज्ञानच्या मुलांनी तो खोडला. कुणी म्हणालं पोळ्या मोजून द्या. मावशी पहिल्यांदाच बोलल्या, "मोजा की. पण रात्री अभ्यास करून येणाऱ्याला चौथी मागायची लाज वाटंल, त्याचं काय?" पोळ्या मोजायचा प्रस्ताव तिथंच पडला. डाळीत पाणी वाढवायचा प्रस्ताव आधीच अमलात आहे, असं एकानं निदर्शनास आणून दिलं. शेवटी ठरलं ते असं, की बिल आहे तेवढंच ठेवायचं, रविवारचं गोड महिन्यातून दोनदाच करायचं, आणि वाया जाणारा भात रोज फळ्यावर लिहायचा. फळ्यावरचा आकडा आठवडाभरात खाली आला. मुलांनी कुरकूर केली, पण ती आपल्याच माणसांवर.

मेसच्या समितीचा प्रमुख म्हणून वसतिगृहप्रमुखांनी तिसऱ्या वर्षाचा एक पोरगा निवडला होता. द्वारसभेत घोषणा द्यायला सगळ्यांच्या पुढं असणारा, आवाज खणखणीत. महिन्याभरानं मी त्या बाजूनं जात होतो. पहिल्या वर्षाची चार-पाच मुलं त्याला मेसच्या दारात घेरून उभी होती. शनिवारी त्यांची क्रिकेटची मॅच जिंकलेली, म्हणून गोड नसलेल्या या एका रविवारी श्रीखंड हवं होतं. पैसेही जास्तीचे द्यायला तयार होती.

पोरानं खिशातून पेन काढलं, जरा गंभीर झाला आणि म्हणाला, "मागणी रास्त आहे. पण असा पायंडा पडून चालणार नाही. लेखी द्या."